पान्ह्याचा हॉर्न

"मोठा बसवा," त्रिवेणी म्हणाली. "दुकानात असंल त्यातला सगळ्यात मोठा."

ताडकळसच्या बाजाररस्त्यावर खाजा मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाभूळ आणि बाभळीला टांगलेल्या जुन्या ट्यूब. मिस्त्रीने आधी गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गाडी म्हणजे वीस वर्षांची मोटारसायकल. टाकीचा रंग गुडघे घासून उडालेला, सीटच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायच्या लोखंडी कड्या. तिने साडीवर पुरुषाचा पांढरा शर्ट घातला होता, पूर्ण बाह्यांचा.

"भाभी, ह्या गाडीला तसला हॉर्न लावला तर हॉर्न पुढं जाईल अन् गाडी मागं राहील."

"राहू द्या."

"लोकं बस समजून हात करतील."

"करू द्या."

मिस्त्रीचं हसणं तिथंच संपलं. त्याने पाना घेतला आणि कामाला लागला. गाडीची वायरिंग म्हातारी आहे, एवढ्या मोठ्या हॉर्नचा भार बटणावर टाकला तर बटण जळेल, म्हणून मधे एक डबी बसवावी लागते, बटण नुसतं डबीला सांगतं आणि डबी बॅटरीतून करंट घेते, असं तो काम करता करता सांगत राहिला. त्रिवेणी ऐकत होती. समजतही होतं. हल्ली तिला सगळंच समजायचं.

जुना हॉर्न निघाला. चहाच्या बशीएवढा, चिखलाने भरलेला, एका बाजूला चेपलेला. मिस्त्रीने तो फडक्याने पुसला आणि सहज दोन वायरी लावून पाहिला. शेळीच्या पिलाने ओरडावं तसा आवाज आला, जरा खरखरीत. रस्त्यावरून चाललेल्या कुणीही वळून पाहिलं नाही.

"चांगला हाय की हा. राहू द्या ह्याला बी. दोन्ही बसतेत."

"काढा."

त्याने जुना हॉर्न तिच्या हातात ठेवला. तिने तो शर्टाच्या खिशात टाकला. खिसा लोंबला. घरी जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात तो छातीवर आपटत होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

शर्ट तिच्या नवऱ्याचा, श्रीशैलचा होता. गाडीही त्याचीच. मागच्या वर्षी उसाच्या दिवसांत, एका दुपारी, तो याच गाडीवरून ताडकळसला निघाला होता. दुधाच्या कॅनच्या झाकणाचं रबर गेलं होतं, ते आणायला. सुलाबाईच्या आखाड्याजवळ, म्हणजे तिच्या शेतातल्या पत्र्याच्या घराजवळ, रस्ता वळतो. वळणावर बाभळी दाट आहेत आणि आडव्या गाडवाटेने उसाचे ट्रॅक्टर डांबरीवर येतात. सूर्यभानचा ट्रॅक्टर त्या वाटेने येत होता.

श्रीशैलला लिंगायत रिवाजाप्रमाणे शेताच्या कोपऱ्यात बसवून माती दिली, हातात लिंग ठेवून. त्याच्या आईने, भागम्माने, स्वतः त्याच्या कपाळाला विभूती लावली. त्रिवेणीला त्या दिवसातलं एकच नीट आठवतं. कुणीतरी तिच्या हातात चहा दिला होता. बोटं लाल झाली होती. चहा गरम आहे हे तिला बोटांकडे पाहिल्यावर कळलं.

नंतर गावात एकाच गोष्टीवर बोलणं व्हायचं. सूर्यभान पलीकडच्या गावचा, पण परका नव्हता. श्रीशैल रोज त्याच्या घरचं दूध घ्यायचा, ओट्यावर बसून पानही खायचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हॉर्न वाजला न्हाई. वाजला असता तर म्या ट्रॅक्टर थांबवला असता. गानं बी लावलेलं न्हवतं."

"मंग काय माजं लेकरू मुकं होतं?" भागम्मा म्हणाली. "रोज वाजवतोय तो. आख्ख्या गावाला म्हाईत हाय."

पोलिसांनी विचारलं तेव्हाही सूर्यभानने तेच सांगितलं. पुढच्या प्रत्येक वेळी तेच. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, आणि त्यामुळेच लोकांना तो पाठ केल्यासारखा वाटला. जे कडक होते ते म्हणाले, खोटं बोलतोय. जे मऊ होते ते म्हणाले, वाजला असेल, पण त्या शेळीच्या आवाजाचा हॉर्न ट्रॅक्टरवर कुणाला ऐकू जातो. सूर्यभानने पुढे ट्रॅक्टर चालवणं सोडलं. दारातल्या लिंबाखाली बाज टाकून बसायला लागला.

त्रिवेणीने मऊ लोकांचं म्हणणं घेतलं. सूर्यभानचा खोटेपणा तिला हातात धरता येत नव्हता. हॉर्न धरता येत होता. तो काढता येत होता, त्या जागी दुसरा बसवता येत होता.

पण लगेच नाही. आधी ती गाडी चालवायला शिकली. शाळेच्या मैदानात, सकाळी, पोरं यायच्या आत. पहिल्या दिवशी कॅन घेऊन निघाली तेव्हा पारावरचे लोक बोलायचे थांबले, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलायला लागले. बायकांनी तिला सांगितलं, वेशीत आलीस की हॉर्न वाजव, आमी दूध काढून ठेवतो. ती वाजवायला लागली. सकाळी आणि संध्याकाळी, तीन गावांत आणि सुलाबाईच्या आखाड्यावर. सूर्यभानच्या घरासमोरून मात्र न थांबता जायची. सुरुवातीला त्याची बायको सविता बादली घेऊन दारात उभी असायची. मग नुसती उभी राहायला लागली. मग तेही बंद झालं.

ऊस संपला, ट्रॅक्टर निघून गेले, रस्ता मोकळा झाला. हॉर्नचं राहून गेलं. दिवाळीनंतर ट्रॅक्टर पुन्हा आले. ट्रॉल्यांतून पडलेली उसाची पाचट डांबरीवर दिसायला लागली. मग ती खाजा मिस्त्रीकडे गेली.

नवा हॉर्न पहिल्यांदा वेशीत वाजला तेव्हा कुत्री भुंकत सुटली, आणि मारुतीच्या ओट्यावर झोपलेला म्हातारा उठून बसला.

"आगं माय माय," चांगुणाबाई दारातून म्हणाली. चांगुणाबाईचं घर वेशीला लागून, आणि गावात काय चाललंय ते तिच्या तोंडून गावाला कळायचं. "मला वाटलं वऱ्हाड आलं. माज्या सुनंनं पदर घेतला की डोक्यावर."

"आता ऐकू जायलंय का?" त्रिवेणीने विचारलं.

"ऐकू? परभनीला ऐकू गेलं आसंल."

बायका हसल्या. त्रिवेणीने दूध मापून घेतलं. त्या संध्याकाळी दूध थोडं कमी भरलं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी.

"तुज्या भोंग्यानं माजी म्हैस बिघडली," चांगुणाबाई म्हणाली, या वेळी न हसता. "पान्हाच सोडंना गेली. पेंड खाती, रेडकू लावलं तरी आटूनच उभी. आमच्या मालकानं थापटून थापटून पाहिलं. त्यालाच लाथ घातली."

"सवय होईल," त्रिवेणी म्हणाली.

ती गावात दूध घ्यायला फिरायची, पण तिच्या स्वतःच्या घरी म्हैस नव्हती. श्रीशैल घरात फार बोलायचा नाही, रस्त्यावरच्या गोष्टी रस्त्यावर ठेवून यायचा. त्यामुळे जे तीन गावांतल्या बायकांना माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. श्रीशैल वेशीत हॉर्न वाजवायचा तेव्हा बायका पेंड घेऊन गोठ्यात जायच्या. रोज दोन वेळा, इतकी वर्षं. बायकांना जे कळलं होतं तेच हळूहळू म्हशींनाही कळलं. पेंडीचं घमेलं दिसायच्या आधीच, नुसत्या त्या खरखरीत पीं आवाजावर, म्हशींच्या कासेत दूध उतरायला लागायचं. त्रिवेणीने गाडी हातात घेतली तेव्हा माणूस बदलला, पण हॉर्न तोच होता, म्हणून म्हशींना काही कळलं नव्हतं.

हे तिला सुलाबाईच्या आखाड्यावर कळलं.

सुलाबाई एकटी राहायची. पोरं पुण्याला, ती शेतात, पत्र्याच्या आखाड्यात, एका म्हशीबरोबर. त्रिवेणी पोचली तेव्हा ती म्हशीच्या कासेशी उकिडवी बसली होती आणि चरवीत तळ झाकेल एवढंही दूध नव्हतं.

"तो जुना कुठाय?" सुलाबाईने मान न वळवता विचारलं.

"काय?"

"हॉर्न."

"काढला, मावशी."

"कामून?"

"ऐकू जात न्हवता. त्या दिवशी सूर्यभानला ऐकू गेला न्हाई."

सुलाबाईचे हात थांबले. म्हशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गव्हाणीत घातली. सुलाबाई उठली, चरवी बाजूला ठेवली, हात लुगड्याला पुसले. मग बाजेच्या कडेवर बसली.

"बस," ती म्हणाली.

त्रिवेणी उभीच राहिली.

"पहिल्या पहिल्यांदा तुजा मालक दुपारी हितून जायचा तरी वाजवायचा. वळन हाय म्हनून. वाजला की माज्या म्हशीला वाटायचं, येळ झाली. पान्हा सोडायची. मी कुठं रानात, कुठं निंदायला. दूध भुईवर ठिबकायचं, उरलेलं कासेत साकळायचं. एकदा एक सड सुजून दगड झाला. डॉक्टर आनावा लागला. मी त्याला म्हनले, बापू, तुज्या पिपानीनं माजी म्हैस जाईल. हसला. पन तवापासून धारेच्या येळंबिगर ह्या वळनावर त्यानं कदी हॉर्न वाजवला न्हाई. गाडी बी हळू न्यायचा, आवाज न करता. मला लांबून हात करायचा."

त्रिवेणीने वळणाकडे पाहिलं. आखाड्यावरून ते स्पष्ट दिसत होतं. बाभळी, डांबरी, आडवी गाडवाट.

"त्या दिवशी?" तिने विचारलं.

"त्या दिवशी मी हितंच होते. म्हशीच्या आंगावर पानी घालायले. वाजला असता तर तिनं कान उचलला असता, सड भरले असते. माज्या हाताखाली होती ती. कोरडी उभी होती, माय. मग आदळल्याचा आवाज आला."

गव्हाणीतली वैरण सळसळत राहिली.

"तुमी सांगितलं न्हाई."

"पोलिसानं विचारलं, पाहिलं का. पाहिलं न्हवतं. तुजी सासू ऊर बडवून म्हनायली, माज्या लेकरानं वाजवला. तिच्या म्होरं कसं म्हनू, न्हाई वाजवला, अन् माज्या म्हशीपायी न्हाई वाजवला?" सुलाबाईने नाक पुसलं. "मग दिवस गेले. मग तर तोंडच उघडंना."

त्रिवेणीला काहीतरी व्हायला हवं होतं. ती तशीच उभी राहून वाट पाहत राहिली, पण काही झालं नाही. मग तिने चरवीतलं होतं तेवढं दूध कॅनमध्ये ओतलं आणि झाकण दाबलं. झाकणाचं रबर वर्षभर आणायचं राहूनच गेलं होतं. त्याच्या जागी तिने धडप्याची चिंधी कोंबली होती. ती ओली झाली होती. तिने पिळून पुन्हा कोंबली.

सकाळी भागम्मा लिंगपूजेला बसली होती. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर बेलाचं पान. त्रिवेणी चुलीपाशी थांबली. पूजा होईपर्यंत त्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही. भागम्माने लिंग कपाळाला लावलं, वस्त्रात गुंडाळलं, गळ्यात बांधलं. मग त्रिवेणी म्हणाली, "अव्वा, त्यांनी हॉर्न वाजवला न्हवता."

भागम्माने तिच्याकडे पाहिलं नाही. "कोन म्हनलं?"

"सुलाबाई."

तिने सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही.

"म्हशीची साक्ष," भागम्मा म्हणाली.

"हो."

"म्हशीचा पान्हा सांडू नये म्हनून मेला म्हनतील. हाटेलात बसून हसतील लोकं."

"हसतील."

"मंग कशाला सांगायचं कोनाला? जसं हाय तसं राहू दे."

"सूर्यभान खरं बोलला होता."

"त्याचं खरं घिऊन मला काय करायचंय?"

 त्रिवेणीने चहात साखर टाकली, ढवळली. भागम्मा बेलाची वाळलेली पानं एक एक करून गोळा करत होती. 

"मी त्याच्या लेकराबाळाला बोलले," ती शेवटी म्हणाली. "हितं, ह्याच दारात उभी राहून. नको नको ते बोलले."

त्रिवेणीने कप तिच्यासमोर ठेवला.

"दुधाला जायचं न्हाई का?" भागम्मा म्हणाली. "बायका वाट पाहत असतेल."

त्या दिवशी डेअरीवर कॅन उतरवून ती गॅरेजवर गेली आणि खिशातला जुना हॉर्न मिस्त्रीच्या पुढे धरला.

"म्हनलं होतं का न्हाई, दोन्ही बसतेत," मिस्त्री म्हणाला. "मिस्त्री अन् गाडी, दोघांचं म्हननं आधीच ऐकावं."

"त्याला वेगळं बटन द्या."

"देतो. पन कोनतं बटन कशाचं, ध्यानात ठेवा. न्हाई तर शेळीवाल्याला बस वाटायची अन् बसवाल्याला शेळी."

त्याने हँडलच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या बटणाखाली, घरातल्या दिव्याला असतं तसं पांढरं छोटं बटण बसवलं आणि काळ्या टेपने गुंडाळलं. त्रिवेणीने दाबून पाहिलं. पीं. पुन्हा कुणी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी पहिल्या दोन गावांत म्हशींनी दूध दिलं. चांगुणाबाई म्हणाली, "आली का शुद्धीवर तुजी गाडी." तिसऱ्या गावात सूर्यभानचं घर शेवटचं. त्रिवेणी पुढे गेली नाही. दारासमोर थांबली, गाडी बंद केली, पण चावी तशीच ठेवली आणि टेप गुंडाळलेलं बटण दाबलं.

लिंबाखालचा सूर्यभान उठून उभा राहिला. त्याची दाढी वाढली होती. सविता आतून आली, रिकाम्या हाताने, आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. गोठ्यातून साखळी वाजली. या दारात हा आवाज वर्षाने आला होता.

"भाऊ," त्रिवेणी म्हणाली, "हॉर्न वाजला न्हवता. सुलाबाईची म्हैस कोरडी होती त्या येळंला. तिच्या पान्ह्यासाठी ते दुपारी त्या वळनावर वाजवत नसत. मला आता कळलं."

 सूर्यभानने वाकून बाजेची कड धरली, जणू तीच हलत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "समदे म्हनायले, वाजला. इतके म्हनायले की मला बी वाटायला लागलं, वाजला आसंल. मलाच ऐकू आला नसंल. आता आता तर मला ऐकू यायला लागला होता तो."

"न्हाई वाजला."

"न्हाई?"

"न्हाई."

तो बाजेवर बसला. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, फोटो काढायला बसावं तसा.

"हे आता लोकांला कोन सांगंल?" सविताने विचारलं. तिचा आवाज मऊ नव्हता, आणि त्रिवेणीला त्यात काही चूक वाटली नाही.

"चांगुणाबाईला सांगून आले," त्रिवेणी म्हणाली.

सविता तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि जागेवर गेला. चांगुणाबाईला सांगितलं म्हणजे उद्या सकाळपर्यंत तीन गावांना, आणि परवा बाजारात.

"दूध हाय का?" त्रिवेणीने विचारलं.

"उलीसं हाय. रेडकाला ठेवलेलं."

"तेवढं द्या."

सविता आत गेली. परत यायला तिला वेळ लागला. आली तेव्हा तिच्या हातात तीच जुनी बादली होती, घासून आणलेली, आणि बादलीला पाणी होतं अजून. तिने दूध ओतलं. दोघींपैकी कुणीच कॅनमधून नजर वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिवेणी झाकणाचं रबर आणायला ताडकळसला निघाली.

ऊन होतं. रस्त्यावर पाचट उडत होती. सुलाबाईच्या आखाड्याजवळ तिने गाडी हळू केली. बाभळींच्या पलीकडे ट्रॅक्टरचं इंजिन ऐकू येत होतं, जवळ येत असलेलं, किती जवळ ते कळत नव्हतं. तिचा अंगठा पांढऱ्या बटणावरून सरकून वरच्या बटणावर गेला. तिने मोठा हॉर्न दाबला आणि वळण संपेपर्यंत दाबून धरला.

गाडवाटेच्या तोंडाशी उसाचा ट्रॅक्टर थांबला होता. वरच्या अनोळखी ड्रायव्हरने, जा, म्हणून हात केला.

ती गेली. जाताना तिने उजवीकडे पाहिलं. आखाड्यापुढे सुलाबाईची म्हैस सावलीत उभी होती, रवंथ करत. तिने कानही उचलला नव्हता. हा हॉर्न तिचा नव्हता.